वर्गातली दुसरी भाषा

आई-बाबांनो,

बारावीचा निकाल लागला की तुम्ही प्रवेशाच्या खिडकीशी येता. फीची चौकशी होते, शिष्यवृत्तीच्या कागदांची होते, आणि मग आवाज जरा खाली आणून तुम्ही विचारता, ‘मॅडम, इथं सगळं इंग्लिशमध्येच शिकवतात ना?’ मुलगी शेजारीच उभी असते. दहावीपर्यंत मराठी शाळेत नाहीतर उर्दू शाळेत शिकलेली. ती तुमच्या तोंडाकडे बघत असते. तुम्हाला ‘हो’ ऐकायचं असतं. तिला काय ऐकायचंय, हे विचारायला त्या गर्दीत कुणाला सवड नसते.

मी भिवंडीतल्या एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमचं घर काल्हेरच्या बाजूचं. घरात आगरी बोलली जाते. माझी शाळा मराठी, पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत. खिडकीवर या प्रश्नाला कारकून ‘हो’ म्हणून मोकळा होतो, त्याच्यामागे रांग असते. पण खरं उत्तर तेवढ्यात मावणारं नाही. तुमच्याशी बसून बोलावं असं ते आहे.

खरं उत्तर असं. कागदावर आमचे वर्ग इंग्रजीचे आहेत. पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, नोट्सची झेरॉक्स इंग्रजी. तोंडाने मात्र शिक्षक इंग्रजीतलं एक वाक्य वाचतो आणि ते मराठीत, नाहीतर आपल्या भिवंडीच्या हिंदीत, समजावून सांगतो. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि एकट्या भिवंडीत चालतं असंही नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात जाऊन बसा, हेच ऐकू येईल. तपासणीला कुणी आलं की तेवढ्यापुरती ती दुसरी भाषा गप्प बसते. पाहुणे गेले की पुन्हा सुरू होते.

म्हणजे तुमचं मूल आजही दोन भाषांतच शिकतंय. यातल्या एकीला मान आहे आणि दुसरीला चोरून यावं लागतं, सगळं दुखणं इथे आहे. चोरून येणाऱ्या भाषेला पुस्तक नसतं. तिच्यात कुणी नीट शब्द घडवून देत नाही, तिच्यात वहीत दोन ओळी लिहायला कुणी सांगत नाही. मुलं वर्गात ऐकतात तेव्हा त्यांना कळतं, मी त्यांचे चेहरे बघते ना. घरी गेल्यावर हातात उरते ती फक्त इंग्रजी झेरॉक्स, आणि वर्गात जे कळलं त्याचा त्या कागदाशी धागा लागत नाही. मग पाठांतर. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं निसटतं, आणि केटी लागते, म्हणजे पेपर राहून जातो. केटी लागली की घरात बोललं जातं, ‘इंग्लिश कच्चं आहे.’ इंग्रजी कच्चं असेलही. पण पुष्कळदा विषयच कच्चा राहिलेला असतो आणि दोष एकट्या इंग्रजीवर जातो.

पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता हा धडा असतो. कामतघरची एक मुलगी त्याची इंग्रजी व्याख्या न अडखळता म्हणायची, स्वल्पविरामासकट. घरी यंत्रमाग. मी तिला विचारलं, ग्रे कापडाचा भाव मीटरमागे रुपयाने वाढला तर व्यापारी काय करेल? ती लगेच म्हणाली, ‘तो आपला माल उचलणारच नाही. तसाच माल त्याला मालेगावात मिळतो, इचलकरंजीत मिळतो.’ आणि घरातला गॅस महागला तर? ‘घ्यावाच लागतो. थोडा जपून वापरतो, पण घेतो.’ सगळा धडा तिच्या डोक्यात होता, माझ्या पुस्तकात आहे त्याहून जिवंत. पाठ केलेल्या व्याख्येला तो कुठेही जोडलेला नव्हता, एवढंच. मग तिने तेच ग्रे कापड, तोच गॅस घेऊन इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. क्रियापदं चुकली होती, ती आम्ही बसून दुरुस्त केली. पण ती वाक्यं तिची स्वतःची होती, आणि ज्याला स्वतःची चार वाक्यं लिहिता येतात त्याला पाचवंही येतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आम्हाला इंग्रजीच हवी. तुमची ही ओढ मी समजू शकते आणि तिला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. तुम्ही बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्यात. माणकोली, पूर्णा, दापोडाकडच्या गोदामांत तुमच्या ओळखीची पोरं कामाला आहेत. माल चढवणारा कोण आणि संगणकासमोर बसून बिल काढणारा कोण, हे तुम्ही रोज बघता. त्या पडद्यावरची अक्षरं इंग्रजी असतात. आणि मराठीचा कळवळा मांडणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात, हेही तुम्हाला दिसतं. आमच्या पोरांनीच तेवढी मायबोली सांभाळायची का, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या आपल्या संग्रहात इंग्रजी शिका असं कळकळीने सांगितलं, ते याच पोटतिडकीतून. पण त्यांनी ते सांगितलं मराठी कवितेतून. बाबासाहेबांनी आपले प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि १९२० मध्ये ‘मूकनायक’ मराठीत काढलं. एकीसाठी दुसरी सोडावी लागते, असं या दोघांनाही कधी वाटलं नाही.

हाच पेच घेऊन बसलेले आईबाप दूर दक्षिण आफ्रिकेतही आहेत. तिथे झुलू ही सर्वांत जास्त घरांत बोलली जाणारी भाषा, देशातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या लोकांची. १९५३ मध्ये तिथल्या गोऱ्या सरकारने बांटू शिक्षण कायदा आणला. काळ्या मुलांना सुरुवातीची शाळा मातृभाषेत, पण हेतू असा की त्यांनी हलक्या कामांपलीकडे जाऊ नये. पुढे आफ्रिकान्स ही सत्ताधाऱ्यांची भाषा वर्गात लादली गेली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या घरांनी हे सोसलं, त्यांना कुणी येऊन ‘तुमच्या मुलांना तुमच्या भाषेत शिकवू’ म्हटलं, तर त्यांच्या मनात पाल चुकचुकणारच. मातृभाषा हा कधी काळी त्यांच्यासाठी बंद दरवाजा होता.

तरीही तिथल्या क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने २००६ मध्ये इंग्रजी आणि झुलू अशा दोन भाषांचं धोरण स्वीकारलं, आणि २०१४ पासून पदवीला नव्याने येणाऱ्यांसाठी झुलूचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. दवाखान्यात झुलू बोलणाऱ्या रुग्णाचं दुखणं डॉक्टरला आणि परिचारिकेला कळायला हवं, हा त्यामागचा एक साधा विचार. तिथल्या विद्यार्थ्यांची मतं अभ्यासणाऱ्यांना पुन्हा पुन्हा जे आढळलं, ते आपल्या ओळखीचं आहे. मुलं म्हणतात, समजून घ्यायला, आपापसांत चर्चा करायला झुलू हवी, पदवी मात्र इंग्रजीतलीच हवी. त्याच देशातल्या लिम्पोपो विद्यापीठात २००३ पासून एक पदवी अशी आहे की तिच्यातले काही विषय इंग्रजीतून आणि काही सेसोथो सा लेबोआ या तिथल्या भाषेतून शिकवले जातात. तिथे दोन्ही भाषा उघडपणे वर्गात येतात, दोन्हींत परीक्षा होते.

आपल्याकडे लोकभाषांतून वरचं शिक्षण देण्याची सुरुवात फार आधी झाली होती, आणि तुमच्याशी बोलायला बसले त्याचं एक कारण हेही आहे. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी १८२० च्या दशकात इंजिनीअरिंगची शाळा चालवली, तिथे शिकवणं मराठीत आणि गुजरातीत होतं. गणिताची पुस्तकं शास्त्र्यांना हाताशी धरून मराठीत करून घेतली गेली. पुढे १८४७-४८ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतच हवं. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले जर्विस आणि मंडळातले तिघे देशी सभासद: आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे नाना शंकरशेट, पारशी फ्रामजी कावसजी आणि मुंबईच्या कोकणी मुसलमान घराण्यातले मोहम्मद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, तिघे मिळून लोकभाषांच्या बाजूने. भिवंडीत राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला फार वाटतं. नाना शंकरशेट इंग्रजीचे शत्रू मुळीच नव्हते, एल्फिन्स्टन शाळेच्या उभारणीत त्यांचा हात होता. ज्ञान बहुजनांपर्यंत जायचं तर ते त्यांच्या भाषेतून जाईल, एवढंच ते सांगत होते. मग १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं आणि ते इंग्रजीचं झालं.

त्यानंतरही एका माणसाने वेगळी वाट काढली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढलं, आजचं एसएनडीटी. शिकवण्याची भाषा मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. मुली विषय मराठीत शिकत आणि इंग्रजी वेगळी, नीट, भाषा म्हणून शिकत. शंभर वर्षांपूर्वी ज्या घरांत मुलीने शाळेत जाणंच नवल होतं, त्या घरांतल्या मुली या वाटेने पदवीपर्यंत पोचल्या.

उर्दू शाळांतून मुलं पाठवणाऱ्या पालकांना मी हैदराबादची गोष्ट सांगते. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याच्या एक वर्ष आधी भाषांतराचं खातं सुरू झालं होतं. आधी पुस्तकं, मग वर्ग, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. विज्ञान, वैद्यक, इंजिनीअरिंग हे सगळं तिथे उर्दूत शिकवलं गेलं, आणि इंग्रजी प्रत्येकाला सक्तीची होती. त्या वेळी मराठवाडाही त्याच राज्यात, तेव्हा आपली मराठी मुलंही तिथे उर्दूतून शिकली. त्यांच्यासाठी ती परक्या भाषेतली शाळाच होती, हेही या गोष्टीत धरायला हवं. १९४८ नंतर उस्मानियाने इंग्रजीची कास धरली आणि तेवढं सगळं काम मागे पडलं. कचेरी, कोर्ट, नोकरी यांची भाषा बदलली की विद्यापीठाची भाषा टिकत नाही. म्हणून मी तुम्हाला ‘फक्त मराठी’ किंवा ‘फक्त उर्दू’ कधीच सांगणार नाही. ज्या भाषेत भाकरी आहे ती मुलाला आलीच पाहिजे.

आता सरकारी कागद काय म्हणतात तेही थोडक्यात सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात उच्च शिक्षण मातृभाषेत किंवा दोन भाषांत देण्याची शिफारस आहे. २०२१ मध्ये पिंपरी चिंचवडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची पदवी मराठीतून सुरू करायला मान्यता मिळाली, जागा ६०. त्याच वर्षी आपल्या तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमासाठी मराठी-इंग्रजी असा दुभाषिक पर्याय आणला. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी. मुंबई विद्यापीठात बीए आणि बीकॉमची उत्तरं मराठीत लिहिण्याची मुभा तर फार जुनी आहे.

मुभा आहे, पण ती वापरायला मुलं लाजतात. ‘मराठीत लिहिलं तर मार्क कमी पडतात,’ असं वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना सांगतात, ते तसंच पुढे जात राहतं. मी पेपर तपासते म्हणून सांगते. मराठीत लिहिलेल्या उत्तराला मार्क कमी पडतात ते बहुधा त्यात शास्त्रातले शब्द नसतात म्हणून, गप्पा मारल्यासारखं उत्तर असतं म्हणून. त्या मुलाला मराठीतला पारिभाषिक शब्द कुणी शिकवलेलाच नसतो. १९६० मध्ये राज्याने भाषा संचालनालय काढलं, त्याने एकेका विषयाचे परिभाषाकोश केले. सत्तरच्या दशकात विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने कॉलेजसाठी मराठी पुस्तकं काढली. ती आज ग्रंथालयांच्या मागच्या कपाटात धूळ खात पडलीयत, कारण वर्गात चोरून बोलल्या जाणाऱ्या भाषेला कोश लागत नाही. उघड बोललं की लागतो.

दोन भाषांत शिकवणं वाईटही होऊ शकतं, हे तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. शिक्षकाने एक इंग्रजी वाक्य वाचायचं, त्याचा मराठी अर्थ सांगायचा, पुढचं वाचायचं, पुन्हा अर्थ सांगायचा. या पद्धतीत मुलं काय करतात माहीत आहे? इंग्रजी वाक्य चालू असताना कान बंद करतात. मराठी येणारच आहे ना मागून! तीन वर्षं अशी गेली की इंग्रजी कानावरून हजारदा जाते आणि आत एकदाही शिरत नाही. शिक्षकालाही वाटतं, आपण समजावलं. अशा वर्गातून आलेल्या मुलाला मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच घाम फुटतो, आणि तुमचा राग मग मराठीवर निघतो.

चांगल्या दुभाषिक वर्गात दोन्ही भाषांना आपापलं काम दिलेलं असतं. वेल्समध्ये केन विल्यम्स नावाच्या अभ्यासकाने १९९० च्या दशकात तिथल्या शाळांतली एक पद्धत मांडली. मुलांनी एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत लिहायचं, एकीत ऐकायचं आणि दुसरीत बोलायचं. म्हणजे मजकूर डोक्यातून गेल्याशिवाय पलीकडे जाऊच शकत नाही, नुसती नक्कल करायला जागाच नाही. मी हे आमच्या वर्गात करते. पुस्तकातलं इंग्रजी पान मुलं गटाने वाचतात, शब्द अडला तर कोश उघडतात, आणि मग त्याचा सारांश मला मराठीत किंवा उर्दूत सांगतात. दुसऱ्या दिवशी उलट: मी ‘लोकसत्ता’ किंवा ‘इन्कलाब’मधली बाजारभावाची एखादी बातमी देते आणि ते ती इंग्रजीत पाच वाक्यांत मांडतात. मला याला वेळ जास्त लागतो, अभ्यासक्रमाची मागची दोन प्रकरणं घाईत होतात. पण दिवाळीनंतर वर्गात प्रश्न विचारले जायला लागतात, आणि प्रश्न विचारणारं मूल शिकत असतं.

आता भिवंडीची खरी अडचण. धोरणाच्या कागदात ‘स्थानिक भाषा’ असं एकवचन असतं. आमच्या एका बाकावर तीन भाषा बसतात. एक मुलगी उर्दू शाळेतली, तिचे पणजोबा उत्तर प्रदेशातून हातमाग घेऊन इथे आले. तिच्या शेजारची पद्मानगरची, घरात तेलुगू, शाळा मराठी. तिसरा खारबावकडचा, घरात आगरी, त्याला पुस्तकी मराठीही थोडी परकीच. मागच्या बाकावरची दोघं घरात भोजपुरी बोलणारी. आमच्या महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत. मी मराठीत समजावलं की उर्दू शाळेतल्या मुली मान खाली घालतात. फक्त हिंदीत समजावलं तर मराठी मुलाला शास्त्राचा शब्द त्याच्या भाषेत कधीच मिळत नाही.

यावर मी काढलेला मार्ग पूर्ण नाही, तरी सांगते. नवा विचार पहिल्यांदा समजून घेण्यासाठी मुलं आपापल्या भाषेच्या गटात बसतात. फळ्यावर मुख्य शब्द इंग्रजीत, त्याखाली मराठीत आणि त्याखाली उर्दूत लिहिला जातो. उर्दूतला मला लिहिता येत नाही, तो वर्गातली एखादी मुलगी येऊन लिहिते, आणि ते लिहिताना तिची मान ताठ असते. मग सगळ्यांसमोर मांडणी इंग्रजीत. मराठी मात्र सगळ्यांनीच शिकावी असं मी आग्रहाने म्हणते, उर्दू आणि तेलुगू घरांतल्या मुलांनीही. उद्या ही मुलं तहसील कचेरीत, इंदिरा गांधी रुग्णालयात, भिवंडीच्या कोर्टात काम करणार. खालच्या कोर्टाचं कामकाज या राज्यात मराठीत चालतं आणि उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. ज्या वकिलाला यातली एकच येते, त्याचा अशील अर्ध्या वाटेवर राहतो. दवाखान्यात म्हातारी आगरीत पोटातलं दुखणं सांगते, तेव्हा डॉक्टरीण पडघ्याची असो की समदनगरची, तिला ते कळायला हवं, आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत लिहिता यायला हवी.

काही पालक म्हणतात, स्पर्धा परीक्षा इंग्रजीशिवाय होत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, उर्दूत लिहिता येते, तेलुगूत लिहिता येते. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर वेगळा असतो, त्यात २५ टक्के मिळवून उत्तीर्ण व्हायचं, त्याचे गुण पुढे धरत नाहीत. म्हणजे देशातल्या सर्वांत मानाच्या परीक्षेनेही हाच मार्ग धरलाय: विचार तुमच्या भाषेत मांडा आणि इंग्रजी कामापुरती नक्की येऊ द्या. दुसरीकडे, सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावी लागते, मराठीत नाही. बीएमएस, बीएससी आयटी यांसारखे विनाअनुदानित अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत चालतात, पुस्तकंही इंग्रजीतच. मुलाला कुठे जायचंय ते आधी ठरू द्या, मग भाषेचं ठरवा. सरसकट ‘इंग्लिशमध्येच’ म्हणून भागत नाही.

तुमच्याकडून मला काय हवंय? खिडकीवरचा प्रश्न बदला. ‘सगळं इंग्लिशमध्येच ना’ याऐवजी विचारा: इंग्रजी भाषा म्हणून कोण शिकवतं आणि आठवड्यात किती तास? विषय समजावताना मराठी-उर्दू वापरता, तर त्या भाषेतली पुस्तकं ग्रंथालयात आहेत का? परीक्षा कुठल्या भाषेत लिहिता येते, हे मुलांना पहिल्याच महिन्यात सांगता का? चार पालकांनी हे विचारलं तर कॉलेजला उत्तर तयार ठेवावं लागेल. आम्ही शिक्षक आतून सांगून थकतो, तुमचं बोलणं ऐकलं जातं.

आणि घरी. पोरगी कॉलेजातून आली की तिला ‘इंग्लिशमध्ये बोलून दाखव’ म्हणू नका. पाहुण्यांसमोर तर नकोच. आज काय शिकलीस ते आम्हाला आपल्या भाषेत सांग, असं म्हणा. तुम्हाला इंग्रजी येत नाही याचा तुम्हाला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पालकसभेला म्हणूनच तुम्ही येत नाही. पण सुताचा भाव का वाढतो, उधारी कशी बुडते, तेजी-मंदी कशी येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने तुम्हाला धडा सांगावा आणि तुम्ही तिला अडवावं, ‘असं नसतं गं, आमच्या सायझिंगवाल्याकडे उलटं होतं.’ तिथे तिला उत्तर शोधावं लागेल. ते उत्तर ती दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन आली की ते इंग्रजीत कसं लिहायचं ते मी बघते. ते माझं काम.

इंग्रजीसाठी तुम्हाला एवढं करता येईल. रोज अर्धा तास तिच्या हातात मोबाईलऐवजी एक इंग्रजी वर्तमानपत्र राहील, एवढं पाहा. शेजारी कोश असू द्या. वाचलेल्यातली एक बातमी तिने तुम्हाला जेवताना सांगावी, कुठल्याही भाषेत. मुलग्याच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. मुली वही घेऊन बसतात, मुलगे क्लासला पैसे भरून गाईड आणतात आणि परीक्षेच्या आठवड्यात उघडतात.

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आधी येईल. त्याआधी एकदा कॉलेजात या. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी जाता जाता या, मी साडेसातपासून असते. मुलाची अर्थशास्त्राची वही मागून घ्या, सोबत आणा. तुम्हाला वाचता आली नाही तरी चालेल. तुमच्यासमोर मी त्याला त्यातलं एक पान समजावून सांगायला लावीन, मराठीत, उर्दूत, तेलुगूत, जे तुमच्या घरात बोललं जातं त्यात. तेलुगू असेल तर पद्मानगरची एखादी विद्यार्थिनी आपल्याशेजारी बसेल आणि मला सांगेल. त्याला ते जमलं की नाही, हे तुम्हाला माझ्याही आधी कळेल.